पसंतीची टोपी

“चिठ्ठी दिसतेय, मॅडम. मानेवर लोंबतेय,” कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढत फिंच म्हणाला.

ईडिथ क्रॅबनं किमतीची चिठ्ठी घाईघाईनं अंबाड्यात खुपसली. ती तोडायची सोय नव्हती. कलकत्त्यातल्या चौरंगी रस्त्यावरचं टोप्यांचं दुकान मडमांना पैसे न घेता पसंतीसाठी माल घरी नेऊ देई. चिठ्ठी शाबूत असली, की दुसऱ्या दिवशी ‘शोभत नाही’ म्हणून परत करता येई. ईडिथ घरी गेलीच नव्हती. टोपी घेऊन तडक शेजारच्या स्टुडिओत शिरली होती. निघताना दुकानातल्या मिस गोम्सला ‘पिसांना हात लावण्याआधी हात धूत जा’ असं सुनवायला मात्र विसरली नव्हती.

फोटो विलायतेला थोरल्या बहिणीकडे जायचा होता. ‘कारकुनाशी लग्न करून वाटोळं केलंस’ म्हणणाऱ्या बहिणीला एकदा गप्प करायचं होतं. भाड्याच्या दोन दमट खोल्या काही फोटोत येत नाहीत.

धास्ती एकच होती, नवऱ्याच्या बड्या साहेबाची बायको मिसेस फार्कर. गेल्या हिवाळ्यात मिसेस टॉडनं असाच पसंतीचा गाऊन घालून फोटो काढला होता. मिसेस फार्करला ते कळलं. तिनं भर चहापानात टॉडबाईला भामटी म्हटलं. तेव्हापासून त्या बाईला कुणी दारात उभं करत नाही, आणि टॉडची बढतीही गेली. त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं ईडिथच हसली होती. ‘असल्या बाईची कीव करायचंसुद्धा माझ्या जिवावर येतं,’ असंही वर म्हणाली होती.

“आता हलू नका,” फिंच म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं आणि मिसेस फार्कर आत आली.

ईडिथ दचकून वळली. चिठ्ठी अंबाड्यातून निसटून पुन्हा मानेवर लोंबू लागली. मिसेस फार्करनं टोपी पाहिली. मग चिठ्ठी पाहिली. नवऱ्याची नोकरी आता गेलीच, असं ईडिथला वाटलं.

“बाईसाहेब, मी... मी विकतच घेणार आहे ही,” ती कशीबशी म्हणाली. “आत्ता तोडते चिठ्ठी.”

“खबरदार!” मिसेस फार्कर कडाडली. तिनं आपल्यामागे दार लावून घेतलं आणि आरशापुढे बसून केस सारखे केले. “या टोपीची दुकानात वाट बघून कंटाळले मी. आटपा लवकर, तुमच्यानंतर माझा नंबर आहे.”