मधला पट्टा

"आधी हॉल काढू, मग बेडरूम," असं म्हणत सहदेवने लादी घासायचं मशीन उंबऱ्याच्या आत ढकललं. "तडे भरतो, खड्डे घासून टाकतो. संध्याकाळी बघा मॅडम, काचेसारखी दिसेल."

"या लादीला काय धाड भरलीय?" पलंगावरून चांगदेव म्हणाले. "चालतोय की आपण तिच्यावरून."

"बाबा, वर्षभर तुम्ही हेच बोलताय," त्यांची सून प्रीती पर्स खांद्याला लावत हसली. "आता माणसं आलीत. तुम्ही आणि मृणाल गॅलरीत बसा. आम्ही संध्याकाळी येतोच." आणि ती नवऱ्याबरोबर, प्रशांतबरोबर, कामाला निघून गेली.

चांगदेव म्हणजे खोपटच्या डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर. घाटातल्या धुक्यातही आपल्याला समोरची गाडी आधी दिसायची, हे त्यांनी कळव्यातल्या या इमारतीत प्रत्येकाला निदान एकदा तरी ऐकवलं होतं. आता मात्र समोर उभं राहिलेलं माणूससुद्धा त्यांना ओल्या काचेपलीकडे असल्यासारखं दिसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. रोज संध्याकाळी ते नातीला, मृणालला, रस्त्यापलीकडच्या बागेत नेत. दिवसभर ते त्याच एका तासाची वाट बघत. प्रशांतला कळलं असतं, तर बाग त्याच दिवशी बंद झाली असती.

म्हणून त्यांनी घर तळपायांनी पाठ केलं होतं. पलंगावरून उतरलं की खरखरीत लादी. पुढे एक लांब तडा. तडा संपला की डावीकडे स्वयंपाकघर. आणि कधीतरी ॲसिड सांडून खडबडीत झालेली लादी पायाला लागली, की समोर बाथरूम. घरच्यांना वाटे, म्हाताऱ्याला चप्पल आवडत नाही. पेपर आला की ते तो आठ वर्षांच्या मृणालपुढे धरत. "वाच बघू मोठ्याने. उच्चार सुधारतात." ती निमूट वाचून दाखवी, अगदी सोन्याचे भावसुद्धा.

मशीन सुरू झालं. गॅलरीतल्या खुर्चीत बसून चांगदेव तो आवाज ऐकत राहिले. एकेक लादी गुळगुळीत होत होती आणि त्यांना वाटत होतं, आपल्या घरातल्या खुणा कोणीतरी पुसून टाकतंय. मध्येच मशीन थांबलं. मृणाल सहदेवशी काहीतरी बोलत होती. सहदेव हसला. मशीन पुन्हा सुरू झालं.

"काय गं, काय बोलत होतीस?" ती परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"काही नाही. त्यांना पाणी हवंय का विचारलं."

संध्याकाळी प्रशांत आणि प्रीती परतले तेव्हा पलंग जागेवर आला होता आणि सहदेव मशीन पुसत होता. हॉलमध्ये वरच्या पंख्याचं प्रतिबिंब दिसत होतं. प्रीती खूश होऊन आत आली आणि मध्येच थबकली. पलंगापासून बाथरूमपर्यंत वीतभर रुंदीचा एक पट्टा तसाच मळकट होता, तड्यासकट.

"अहो, हे मधलं राहिलं की," प्रशांत म्हणाला.

"राहिलं नाही साहेब, सोडलंय. तुमच्या मुलीने सांगितलं, मम्मीने हा पट्टा सोडायला सांगितलाय. स्वतः चालून दाखवलं तिने, इथून तिथवर. मला वाटलं डिझाइन असेल. हल्ली लोक काय काय करून घेतात."

"मी सांगितलं?" प्रीती मुलीकडे वळली. "मृणाल, खोटं बोललीस तू? का?"

मृणालने एकदा आजोबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला तशी डिझाइन आवडते."

"ही कसली डिझाइन? सगळ्या हॉलची वाट लावलीस."

"मला आवडते," ती पुन्हा म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

चांगदेवांनी पलंगावरून पाय खाली सोडला. खरखरीत लादी. पाय पुढे सरकवला, तडा लागला. मग म्हणाले, "प्रीती, तिला ओरडू नकोस. तो माझा रस्ता आहे."

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मोतीबिंदू, तळपाय, पेपर, सगळं. सहदेवसुद्धा हातातलं फडकं विसरून ऐकत राहिला.

"सोमवारी डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर," शेवटी ते प्रशांतला म्हणाले. "ऑपरेशन करून घेतो. एवढीशी पोर माझ्यासाठी शिव्या खातेय, आणि मी सुईला घाबरत बसलोय."

प्रशांत त्यांच्याजवळ जाऊन बसला. मग एकदम काहीतरी आठवून तो दचकला. "थांबा, थांबा. म्हणजे रोज तो अख्खा रस्ता ओलांडून तुम्ही हिला बागेत नेता, ते असे? रिक्षा, बाइक, बस, काही दिसत नसताना? बाबा, ऑपरेशन होईपर्यंत बाग बंद. एकदम बंद."

चांगदेवांनी मान हलवली.

मृणालने बाहीने डोळे पुसले आणि वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही टेन्शन घेऊ नका, पप्पा," ती समजावत म्हणाली. "मी नेते ना त्यांना. रस्त्यात ते माझा हात कधीच सोडत नाहीत."