कमी झालेला आवाज

कारखान्यातला यांत्रिक घण पडला तशी खिडकीची तावदानं थरथरली. आवाज मोजायला आलेल्या सरकारी बाईंनी हातातलं यंत्र घणाच्या दिशेनं धरलं. आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

मॅनेजर लगबगीनं पुढे झाले. "मॅडम, यंत्राचं काय घेऊन बसलात? रोज तिथं जो उभा राहतो त्यालाच विचारा ना!"

त्यांनी मिस्त्रीला हाक मारली. दोनदा मारली, मग खांद्याला धरून वळवलं. मिस्त्रीची उमर त्या घणाखाली तापलं लोखंड सरकवण्यात गेली होती. घण थांबवून तो घाम पुसत पुढे आला.

"काका, या आवाजाचा त्रास होतो?" बाईंनी मोठ्यानं विचारलं.

"छे हो! नवा होतो तेव्हा डोकं उठायचं. आता पार मऊ पडलाय. साहेबांनी घणाचा पाया बदलून घेतला ना, तेव्हापासून."

मॅनेजरांची कळी खुलली. "ऐकलंत?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी यंत्र मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे धरलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "पाया बदलायच्या आधीही मीच मोजला होता. तेव्हाही हाच आकडा होता. आवाजाची तीव्रता तसूभर कमी झालेली नाही, काका. तो लहान वाटतोय, तो तुमच्या कानांना."

मिस्त्रीनं आकड्याकडे पाहिलं, मग मॅनेजरांकडे. ते खिडकीबाहेर बघत होते.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दार उघडंच होतं. बायको पाठमोरी, ओट्याशी भांडी घासत होती. एके काळी तिच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकून असायची. गेल्या काही वर्षांत मात्र ती निवळली होती. वयानं गोड झाली माझी बायको, असं तो दोस्तांना कौतुकानं सांगायचा.

आज त्यानं आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यातूनच तो बघत राहिला. तिचा जबडा हलत होता. मान झटकत, पातेली आदळत ती न थांबता बोलत होती. तो दबकत अगदी तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. तरी एक शब्द ऐकू येईना.

ती वळली, दचकली आणि तिचं तोंड मिटलं.

"काय म्हणत होतीस?" त्यानं विचारलं.

"मी?" ती त्याच्या कानाशी ओरडली. "मी कुठं काय बोलते हल्ली!"