निळ्या खुणेचा उंदीर

क्ष-किरणांनी यकृताची कशी वाट लागते, ते पाहायला आम्ही प्रयोगशाळेत उंदीर कापत होतो. किरण दिलेल्या उंदरांची यकृतं फिकट, खडबडीत निघाली. तशी ती निघणारच होती. मग तुलनेसाठी ठेवलेला, निळ्या खुणेचा घेतला. हा किरणांच्या खोलीत कधीच गेला नव्हता. त्याचंही यकृत तसंच! सर उखडले, “पिंजरे बदललेस की काय?” “नाही हो सर, हा माझा लाडोबा. पिंजरा माझ्याच टेबलावर असतो, उबदार भिंतीला लागून.” “कुठल्या भिंतीला?” मी बोट दाखवलं. तिच्या पलीकडे किरणांचं मशीन होतं. किरण अडवायला भिंतीत शिसं भरलंय, असं आम्हाला सांगितलेलं. सरांचा आवाज एकदम खाली आला. “आणि तू कुठे बसतेस?” माझीही खुर्ची त्याच भिंतीला टेकलेली. जरा शेक मिळावा म्हणून मीच ती तिथे सरकवलेली. सातव्या महिन्यात कंबर फार दुखते.