पंचगंगेतली डुबकी

"तुझ्या अक्काचं रक्त त्या नळीतून बाहेर पडतं, पंचगंगेत डुबकी मारतं, वाटेत मिसळ हाणतं आणि ढेकर देत परत अंगात शिरतं," आयसीयूबाहेरच्या बाकावर दाजी मेहुणीला सांगत होते. शेवंता तोंडाला पदर लावून हसली. बहिणीला दवाखान्यात आणल्यापासून पहिल्यांदाच.

त्यातलं खरं एवढंच होतं, की पायाच्या जखमेचं विष हौसाच्या रक्तात भिनलं होतं, रक्तदाब ढासळला होता आणि खाटेशेजारचं यंत्र तिचं रक्त बाहेर घेऊन, गाळून परत आत सोडत होतं. दाजी आत गेले की तिच्या कानाशी असलीच एखादी थाप मारत. सगळ्या संसारात त्यांच्या प्रत्येक थापेवर हौसा एकच बोलत आली होती, "सोडली का पुडी!" तेवढं तिनं पुन्हा म्हटलं की ती शुद्धीवर आली, असा दाजींचा हिशोब होता.

मग डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. "यंत्रानं होईल तेवढं केलं, आजोबा. पण हृदयानंच साथ सोडली."

दाजी बाहेर आले. शेवंता म्हणाली, "काय दाजी, रक्त आलं का न्हाऊन? का जोतिबाला गेलं तसंच पुढं?"

"हौसा गेली, शेवंता."

"सोडली का पुडी!" ती हसतच म्हणाली. आवाज अगदी बहिणीचा.

दाजी तिच्या शेजारी बाकावर बसले.

"परत एकदा म्हण गं," ते म्हणाले.