बटई

पुढच्या वर्षी पाचच्या वीस मधपेट्या करायच्या आणि बाटल्यांवर ठळक अक्षरांत आईचं नाव छापायचं, असं मी वहीत झोकात लिहिलं होतं. पाचही पेट्या सुंदररावांच्या बांधावर होत्या, कारण तिथं त्यांचा बियाण्याचा कांदा फुलला होता. आणखी पंधरा ठेवू का, विचारायला आम्ही मायलेकी गेलो, तर ते ओसरीवरूनच कडाडले, “फुलं माझी, तर रसबी माझा! पुढचा मध बटईनं. अर्धा वाटा इथं आणून टाकायचा!” आई नेहमीसारखी गप्प होती. मी मात्र पुढं झाले. “चालंल, काका. पण माशी बसल्याबिगर कांद्यात बी भरत न्हाई. मग बियाणंबी बटईनं. अर्धं आमचं!” “लई जीभ चालाया लागली गं! उचला पेट्या, आत्ताच!” मग आईनं तोंड उघडलं. “सांजंला माश्या परतल्या की उचलतो, मालक. उद्यापासून फुलांवर तुमीच बसा.”