वाढ परत घ्या

"मॅडम, माझा पगार इथंच बनतो का?"

सुलेखानं स्क्रीनवरची नजर काढली. दारात एक माणूस उभा होता. काखेत हेल्मेट, अंगात कंपनीचा निळा शर्ट, बुटांवर फुलंब्रीपासूनची धूळ. सिडकोतल्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या या एवढ्याशा खोलीत तेवीस कंपन्यांचे पगार बनत होते. पण आजवर एकाही पगाराचा मालक जिना चढून वर आला नव्हता.

"बनतो. कुठली कंपनी?"

त्यानं कंपनीचं नाव सांगितलं. "मी अजिनाथ, मशीन ऑपरेटर. ऑफिसात विचारलं, तर म्हणले पगाराचं काम आता बाहेर दिलंय. बाहेर म्हणजे कुठं, ते कुणालाच धड माहीत नाय. तीन चकरा मारल्या सिडकोत."

"पगार कमी आला का?"

"नाय. जास्त येणार आहे. तो थांबवायचाय."

सुलेखा खुर्चीत मागं टेकली. सप्टेंबर संपत आला होता, पाठ आखडली होती, सरकारी वेबसाइटवरचं चक्र सकाळपासून गरगर फिरत होतं, आणि वर हे.

"ऑक्टोबरपासून पंधराशे वाढ," अजिनाथ म्हणाला. "वाढ झाली की पगार एकवीस हजाराच्या वर. आणि एकवीसच्या वर गेलं की ईएसआयचं, कामगार विम्याचं कार्ड बंद, दवाखाना बंद. खरं का?"

"खरं आहे. पण लगेच नाही, भाऊ. जूनपर्यंत दवाखाना मिळेल."

"आणि जूननंतर तिच्या सांध्यांना काय सांगू? सुट्टी घ्या म्हणू?"

ती म्हणजे दिपाली, त्याची बायको. सांधे असे धरले होते, की दोन वर्षं तिची वेणीसुद्धा सासूनं घातली. मग महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं, आणि परवा तिनं स्वतःच्या हातानं भाकरी थापली. कार्डावर ते इंजेक्शन फुकट, बाहेर घेतलं तर चौदा हजारांना एक. सरकारी खिडकीवर नाव, गाव, वय सांगावं, तसं अजिनाथनं हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

"माझ्या हातात काही नाही हो. कंपनी आकडे पाठवते, मी फक्त भरते."

"कंपनी म्हणती तिकडं जा, तुम्ही म्हणता कंपनीत जा. मग काय मधी रस्त्यात उभा राहून पगार कमी करून घेऊ?"

सुलेखानं फोन उचलला आणि कंपनीच्या ऋतुराज सरांना लावला. पगाराचे आकडे तेच पाठवायचे. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"सर, तुमच्या एका माणसाला वाढ नको आहे."

"आमच्याकडं?" ऋतुराज सर पोटभर हसले. "फोटो काढून भिंतीवर लावा त्याचा!" मग सगळं ऐकल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. "बघा मॅडम, युनियनचा करार आहे. ऑपरेटर म्हटला की वाढ आलीच, एकट्याची कशी थांबवू? हां, हेल्पर म्हणून खाली घेता येईल. आत्तापेक्षाही थोडं कमीच बसेल. पण तसा अर्ज द्यावा लागेल त्याला. आणि कारण वैयक्तिक-बियक्तिक नको, ऑडिटवाले डोकं खातात. 'मशीनचं काम जमत नाही' असं लिहा. आजच पाठवा."

फोन बंद झाला. खाली झेरॉक्सचं मशीन खरखरत होतं.

अजिनाथ हातातलं हेल्मेट गोल गोल फिरवत राहिला. "अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "नवीन पोरं माझ्याकडंच पाठवत्यात शिकायला."

सुलेखानं कीबोर्ड पुढं ओढला.

"लिहा," तो म्हणाला.

दोनच ओळींचा अर्ज. तिनं टाइप केला, छापला, त्याच्यापुढं सरकवला. त्यानं एकेका शब्दावर बोट ठेवत तो वाचला. पेन उघडलं आणि तसंच धरून बसला.

"ते 'जमत नाही' जरा बारीक अक्षरात व्हईल का?"

तिनं तेवढे दोन शब्द बारीक केले आणि कागद पुन्हा छापला. त्यानं सही केली. तिनं स्कॅन करून पाठवून दिला. अकरा वर्षं पुसायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तो उठला, पण दारापर्यंत जाऊन परत आला.

"मॅडम, एक अजून. पगाराचा मेसेज दिपालीच्या मोबाइलवर जातो. वाढीचं ऐकून तिनं सगळ्या गल्लीत पेढे वाटलेत."

"मग खरं सांगून टाका ना तिला."

"खरं सांगितलं तर ती इंजेक्शनच घेणार नाय. लई मानी आहे. म्हणंल, माझ्यापायी माणूस हेल्पर झाला." तो थोडा घुटमळला. "मी सांगंन, पगाराचं काम बाहेर दिलंय, तिथली बाई लई चुका करती. राग मानू नका."

सुलेखानं डोळे चोळले. स्क्रीनवरचं चक्र अजून फिरतच होतं.

"नाव घेऊन सांगा," ती म्हणाली. "सुलेखा. नाव घेतलं की खरं वाटतं."

"आन् पुढच्या महिन्यात विचारलं तर?"

"पुढच्या महिन्यात पण चुकेन मी."