लोण्याच्या शिळेखाली

गावच्या चर्चचा इतिहास लिहिणारे पाद्री हेस्टरबाईंच्या दुधाच्या खोलीत आले. चारशे वर्षांपूर्वी जुना पंथ मोडायला राजाच्या माणसांनी चर्चमधल्या वेद्या फोडल्या, तेव्हा इथल्या वेदीची शिळा हेस्टरबाईंच्या सासरच्या पर्किस घराण्याने चोरली, असं गाव म्हणायचं. "माझ्या सासरच्यांना पुस्तकात चोर लिहिण्याआधी बघून घ्या," म्हणत हेस्टरबाईंनी लोणी थापायची शिळा दोन्ही लेकांकडून उलटवली. सासूने ती कधी हलवू दिली नव्हती. खाली काय दडलंय, हे कुतूहल त्यांनाही चाळीस वर्षं होतंच. खालच्या अंगाला कोरलेले पाच क्रूस निघाले. "वेदीच्या शिळेवर असेच पाच क्रूस कोरत. हीच ती," पाद्री हळहळले. पण शिळेखाली कापड अंथरलेलं होतं, काठावर सासूचा टाका. त्याखाली पिवळं पडलेलं, आणखी जुन्या हातच्या टाक्याचं दुसरं, मग तिसरं. "ईस्टरआधी वेदीचं कापड काढून, धुऊन पुन्हा घालतात ना? म्हातारी मला दर ईस्टरआधी माहेरी का पिटाळायची, ते कळलं," हेस्टरबाई म्हणाल्या. "चोरलेल्या दगडाला कुणी पिढ्यान्पिढ्या अंथरूण घालतं का, पाद्रीबाबा? खोडा तो शब्द."